नोटीस वाड्याला, जबाबदारी दोघींची

मे महिना उतरणीला लागला की आपल्या घरांत कैरीचं लोणचं, कुरडया-पापडांचे डबे आणि माळ्यावरच्या छत्र्या यांची गडबड सुरू होते. याच दिवसांत महापालिकेच्या बांधकाम खात्यातही एक गडबड चालू असते. जुन्या वाड्यांची, चाळींची पाहणी होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा निघतात. दिंडी दरवाजावर एक कागद चिकटवला जातो, ‘ही इमारत राहण्यास धोकादायक आहे...’ आणि त्या दिवसापासून वाड्यातल्या सगळ्यांची झोप उडते.

मैत्रिणींनो, हा विषय वकिलांचा, इंजिनिअरांचा, फार तर घरातल्या पुरुषांचा असं आपण समजून चालतो. पण पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण पेठांतून किंवा नाशिकच्या, सांगली-मिरजेच्या जुन्या गावठाणातून जरा फिरून पाहा. नोटिशीवर नाव असतं ते कधीच वारलेल्या सासऱ्यांचं किंवा आजेसासऱ्यांचं. ती हातात घेणारी असते घरातली सून, बहुतेक वेळा विधवा. आणि माडीवरच्या खोलीतून घाबऱ्या आवाजात ‘काय गं, काय लिहिलंय?’ म्हणून विचारणारीही एक बाईच असते. तिची पन्नास वर्षं त्याच दहा बाय बाराच्या खोलीत गेलेली असतात. या दोघींनी एकमेकींना निवडलेलं नसतं. एकीला भाडेकरू वारशाने मिळालेले, दुसरीला मालकीण वारशाने मिळालेली! ना भाडं हिने ठरवलेलं, ना भिंत तिने खिळखिळी केलेली. पण नोटीस आली की दोघी एकदम एकमेकींच्या शत्रू होतात. इथेच आपलं चुकतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी हे असं का झालं ते पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत जागेची टंचाई झाली, भाडी भडकली. म्हणून मुंबई राज्यात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर गोठली. त्या वेळी ते गरजेचंही होतं. पण पुढे सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी, सगळं वाढत गेलं आणि भाडं तेवढं जागच्या जागी राहिलं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठवणं आता न्याय्य राहिलेलं नाही, असं सांगितलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. आता आपणच हिशेब मांडू या. महिना ४० रुपये भाडं दरवर्षी चार टक्क्यांनी वाढवत नेलं, तरी पंचवीस वर्षांनी ते जेमतेम १०७ रुपये होतं. एवढ्यात तुळई बदलायची की कौलं?

त्याच कायद्यात जागा राहण्यालायक, दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरूंनी किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन दुरुस्ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. पण वर्षभरात भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम वळती करता येत नाही. म्हणजे ४० रुपये भाडं असेल, तर वर्षाला १२० रुपये. सिमेंटची एक गोणीसुद्धा येत नाही त्यात! आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही गत. मालकाला परवडत नाही, भाडेकरूला वळतं करून मिळत नाही, आणि पाऊस काही कोणाच्या हिशेबासाठी थांबत नाही.

आता नोटीस आल्यावर काय होतं ते पाहा. मालकाच्या घरात कोणीतरी दीर, कोणीतरी भाचा हळूच सांगतो, ‘वहिनी, तुम्ही काही करू नका. पडू दे एकदाचं. सुंठीवाचून खोकला जाईल.’ आणि भाडेकरूंच्या खोल्यांतून कुजबुज सुरू होते, ‘मालकानेच पैसे चारून ही नोटीस आणली असणार. हललात की गेलात!’ दोन्हीकडची ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की, आता ती पाठ झाली आहेत. आणि दोन्ही वाक्यं जिवावर बेतणारी आहेत.

‘सुंठीवाचून खोकला’ हे तर कायद्यानेही खरं नाही. इमारत पडली म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला, असा समज अनेक वर्षं होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या खटल्यात स्वच्छ सांगितलं की, इमारत गेली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, जमिनीच्या रूपाने तो शिल्लक राहतो. म्हणजे वाडा पडण्याची वाट पाहणाऱ्या मालकाच्या हाती पडल्यावर येतं काय? तेच भाडेकरू, तोच खटला, आणि वर ढिगाऱ्याखाली कोणी सापडलं, तर फौजदारी गुन्हा. आणि मन खाईल ते वेगळंच.

दुसरीकडे ‘हललात की गेलात’ ही भीती. तिला हसू नका. ती अनुभवातून आलेली आहे. ‘चार महिन्यांत परत येऊ’ म्हणून गेलेल्या माणसांना वर्षानुवर्षं परतता आलं नाही, अशी उदाहरणं प्रत्येक पेठेत सापडतील. म्हणून माणसं थांबतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले. ती इमारत आधीच धोकादायक ठरलेली होती. काही कुटुंबं दुसरीकडे राहायला गेलीही होती, पण काही तिथेच होती. धोका कळत नाही म्हणून काही माणसं अशा घरात राहत नाहीत. घराबाहेर पाऊल टाकलं की आपल्या हातात काय राहणार, हे कळत नाही म्हणून राहतात.

म्हणून मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाची किल्ली एका कागदात आहे. कोण भाडेकरू, कोणती खोली, किती चौरस फूट, किती वर्षांपासून, कुटुंबात कोण कोण. हे सगळं मोजून, लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन ठेवलेला कागद. तो हातात पडला की आजी ट्रंक भरायला तयार होतात. तो नसेल तर पोलिस आले तरी हलत नाहीत.

आता मालकिणीने काय करावं ते क्रमाने सांगते. पहिलं म्हणजे नोटीस वाचावी. हसू नका, पण नोटीस न वाचताच वकिलाकडे पळणारे फार आहेत. ती कोणत्या कलमाखाली आहे ते पाहावं. मुंबई सोडून इतर महापालिकांत धोकादायक इमारतीची नोटीस सहसा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते, मुंबईत ती महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली. विनापरवाना बांधकामाची नोटीस वेगळी, तिचं उत्तरही वेगळं. मुंबई शहर भागातल्या, सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या आणि दुरुस्ती उपकर भरणाऱ्या इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, त्यांनी तिकडेही जायचं असतं.

मग वर्गवारी पाहावी. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे न हलता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. ‘नोटीस आली’ म्हणजे ‘वाडा पाडायचा’ असं धरून रडारड करण्यापूर्वी हा एक अक्षर-आकडा शोधावा. तो लिहिलेला नसेल, तर वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारावा. पाहणीचा अहवाल मिळत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज करावा, तो २००५ पासून आपल्या हातात आहेच.

दुसरं, नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी. वाड्याचं वैशिष्ट्य असं की सगळा वाडा एकदम खराब होत नाही. पुढचा सोपा भक्कम असतो आणि मागची मातीची भिंत, जिच्यात तीस वर्षं सामायिक मोरीचं पाणी मुरलेलं असतं, ती पोकळ झालेली असते. अहवालात हे वेगवेगळं लिहून घ्यावं. कुठे टेकू द्यायचे, माडीवरचं कोणतं ओझं उतरवायचं, कुठल्या खोलीत आजच्या रात्रीपासून झोपायचं नाही, हे सगळं स्पष्ट हवं. तपासणी करायला मालकाला भाडेकरूच्या खोलीत जायचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि भलत्या वेळी नाही.

तिसरं, उत्तर लेखी द्यावं आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. ‘साहेबांना भेटून आलो, ते हो म्हणाले’ याला काही किंमत नाही. साहेबांची बदली होते, शिक्का राहतो.

चौथं, वारसांची नावं लावून घ्यावीत. मिळकत पत्रिकेवर सासऱ्यांचं नाव, कराच्या बिलावर आजेसासऱ्यांचं आणि दुरुस्तीच्या परवानगीच्या अर्जावर सही सुनेची, असं चालत नाही. आणि इथे लेकींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नणंदांना अंधारात ठेवून बिल्डरशी बोलणी केली, तर वर्षभराने सगळं जिथल्या तिथे अडकतं.

पाचवं, नोटिशीचा काठीसारखा वापर करू नये. नळ तोडणं, वीज बंद करणं, जिन्याची पायरी मुद्दाम काढून ठेवणं... असले उद्योग करून भाडेकरू हलवता येत नाहीत. पाणी-वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा मालकाने तोडणं या कायद्याने गुन्हा आहे. कोणी बंद खोली नुसती अडवून ठेवली असेल, सबळ कारणाशिवाय सहा महिन्यांहून जास्त वापरलीच नसेल, तर त्यासाठी न्यायालयाची वाट मोकळी आहे. पुण्या-मुंबईत लघुवाद न्यायालय आहे. पण तो स्वतंत्र दावा. तो मागच्या भिंतीच्या टेकूत मिसळू नये.

आता माडीवरच्या मैत्रिणींशी बोलते. तुम्ही केलेलं बांधकामही एकदा स्वतः होऊन पाहा. ओटा घातला, लाकडी पार्टिशन टाकलं, खिडकीला जाळी लावली, याला कायदा पक्कं बांधकाम मानत नाही. पण सज्जावर विटांची मोरी बांधली, चौकात पत्र्याची पक्की खोली काढली, तर ते वेगळं. पालिकेची नोटीस मालकिणीच्या नावाने येते, ओझं मात्र त्याच जुन्या तुळईवर पडतं. शिवाय मालकाच्या लेखी संमतीशिवाय केलेलं पक्कं बांधकाम हे जागा खाली करून मागण्याचं कारण होऊ शकतं. असं काही असेल, तर नोटिशीची मुदत संपायच्या आत काढून टाकण्यातच शहाणपण आहे.

दुसरं म्हणजे पावती. भाड्याची पावती मागणं हा तुमचा हक्क आहे. पावतीवर अजून वारलेल्या यजमानांचं नाव असेल, तर बदलून मागा. भाडेकरूच्या निधनाच्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते, असं कायदा सांगतो. ती व्यक्ती पत्नी असते, सून असते, लग्न न झालेली बहीणही असते. पण नाव लागलेलं नसलं की पुनर्विकासाच्या यादीत ‘कै. अमुक अमुक’ छापून येतं आणि मग परदेशातला पुतण्या उगवतो! वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा, जुन्या पावत्या, सगळं एका पिशवीत ठेवा आणि घर सोडताना भांड्यांच्या आधी ती पिशवी उचला.

या दोघींना एकत्र आणणं जमतं का? जमतं. एका वाड्यातली गोष्ट सांगते, नावं मुद्दामच देत नाही. मालकीण शाळेत शिक्षिका, पाच भाडेकरू, तीन नणंदा. नोटीस आल्यावर तिने चौकात सतरंजी घातली, सगळ्यांना बोलावलं आणि इंजिनिअरचा अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. मागच्या दोन खोल्या धोक्याच्या, पुढची बाजू दुरुस्त होण्याजोगी. मागच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या, ‘अगं, तुझ्या सासऱ्यांनी मला इथे आणलं. आता इथून मी थेट वैकुंठातच जायची.’ ती म्हणाली, ‘आजी, वैकुंठात जायचं तेव्हा जा, पण भिंतीखालून नको. तुमची खोली आत्ता तुमच्यासमोर मोजते. लिहून देते. सही मी करते, वन्सं पण करतील.’ टेप आणली, मोजमाप झालं, दोन प्रती झाल्या, एक वॉर्ड ऑफिसला दिली. टेकूंचा खर्च मालकिणीने केला आणि मजुरीत भाडेकरूंनी आपणहून वाटा उचलला. आजी पंधरा दिवसांनी भाचीकडे गेल्या. पावसाआधी मागची भिंत परवानगी घेऊन, माणसं लावून उतरवली. गोष्ट गोड शेवटाची नाही बरं! एका नणंदेची सही अजून अडकली आहे, नवं बांधकाम सुरू झालेलं नाही, आजी दर महिन्याला भाडं पाठवतात आणि पावतीची वाट पाहतात. पण त्या आहेत, हेच मला महत्त्वाचं वाटतं.

अशा ठिकाणी बिल्डर येणारच. येऊ दे. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या, धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र दिलेलं आहे. ते भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी आहे, हे दोघींनीही विसरू नये. दोघींचं भांडण असलं की तिसऱ्याचा लाभ ठरलेला. करार होईल तो मालक, भाडेकरू आणि बिल्डर अशा तिघांचा, नोंदणी केलेला, नवी जागा किती आणि मधल्या काळातलं भाडं कोण देणार हे लिहिलेला असावा. तोंडी शब्दावर कोणीही कुलूप उघडून देऊ नये.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असतं. मालकीणही जाऊ शकते, भाडेकरूही.

आणि शेवटी महापालिकेला दोन शब्द. दरवाजावर कागद चिकटवला, ‘दुर्घटना घडल्यास पालिका जबाबदार राहणार नाही’ असं लिहिलं, की आपलं काम झालं असं मानू नका. त्या कागदाबरोबर, त्याच दिवशी, प्रत्येक भाडेकरूच्या हातात त्याच्या जागेच्या मोजमापाचा, पालिकेच्या शिक्क्याचा दाखला द्या. पाहणीला माणूस येतोच, त्याच्या खिशात टेपही असते. खोली मोजायला अर्धा तास लागेल. ज्यांना कुठेच थारा नाही अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती तरी निवाऱ्याची जागा ठेवा. एवढं केलंत, तर निम्मे वाडे पोलिसांशिवाय रिकामे होतील.

तोपर्यंत मालकिणींनो, टेप आपल्या घरातही असते. आणि माडीवरच्या बायांनो, त्या टेपेचं दुसरं टोक धरायला तुम्ही खाली या. मृग नक्षत्र लागायच्या आत एवढं होऊन जाऊ दे.